पिपिनोची शिकवणी

स्वयंपाकघरात ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात काकडी देतात. हा नियम कुडाळात आहे तसा केसोन सिटीतही आहे, आणि दोन्हीकडे तो मलाच लागू झाला. कुडाळात आईने माझ्या हातची चोचवलेली काकडी एकदा पाहिली आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. फिलिपिन्समधल्या घरमालकिणीला या इतिहासाची कल्पना नव्हती.

नोकरीपायी मी मनिलाला खेटून असलेल्या या शहरात आलो आणि तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. तिला 'तिता' म्हणायचं, म्हणजे मावशी, काकू, आत्या, जे नातं जवळचं वाटेल ते. नवऱ्याला 'तितो'. ती मला 'इहो' म्हणते, म्हणजे बाळा. माझे केस पिकायला लागलेत हे तिच्या खिजगणतीत नाही. तिता मूळची इलोइलोची, विसाया बेटांवरची. तितो उत्तरेकडच्या इलोकोसचा. रविवारी दुपारी खाली जेवायला बोलावणं असतं. अंगणात कोळशावर डुकराच्या पोटाच्या चरबीदार पट्ट्या भाजतात, त्याला 'इनिहाव ना लिएम्पो' म्हणतात. आत कढईत 'गालुंगगोंग' तळत असतो. हा बांगड्याच्या चणीचा मासा इतका घरोघरचा की महागाईचा विषय निघाला की लोक आधी त्याचा भाव सांगतात. नुसतं बसून खाणं बरं दिसेना म्हणून मी विचारलं, "तिता, मी काही करू का पो?" 'पो' हा आदरार्थी शब्द, तो वाक्यात कुठेतरी टाकला की आपल्याला भाषा येते असं समोरच्याला वाटतं, अशी माझी समजूत. तिताने काकड्या, सुरी आणि पाट माझ्याकडे सरकवला. "पिपिनो कर," ती म्हणाली. कर म्हणजे नक्की काय कर, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मी सोलाणं घेतलं आणि काकड्या पांढऱ्याफटक होईपर्यंत सोलल्या. तिताने त्यातली एक उचलून उलटसुलट फिरवली, खाली ठेवली आणि नवी काकडी घेतली. तिचं साल तिने पट्ट्यापट्ट्यांनी काढलं, एक पट्टा काढायचा, एक ठेवायचा. मग जेवणाचा काटा उभा धरला आणि त्याची टोकं काकडीत किंचित रुतवून देठापासून शेंड्यापर्यंत ओढली. पुन्हा थोडी फिरवून पुन्हा ओढली. सगळ्या बाजूंनी बारीक चऱ्या पडल्या. मग पातळ चकत्या कापल्या तर प्रत्येक चकतीच्या कडेला कात्रे आलेले. दिसायला छान, आणि त्या खाचांतून व्हिनेगर आत शिरतं, असं ती म्हणाली. वाडग्यात दोघांच्या चकत्या एकत्र गेल्या. कुठल्या कोणाच्या हे तिच्या लहानग्या नातवाने बोट दाखवून मोठ्याने सांगितलं.

देठाकडचा तुकडा कापायचा, तो कापलेल्या जागी गोल गोल चोळायचा आणि पांढरा फेस आला की कडवटपणा गेला असं मानायचं, ही एक विद्या मात्र माझ्याकडे होती. ती मी पुढच्या खेपेस मोठ्या ऐटीत दाखवली. तिता शांतपणे दुसरी काकडी तशीच चोळत होती. तिच्या आईनेही तिला हेच शिकवलेलं. मग मी वाचून घेतलं. काकडीचा कडूपणा कुकर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि ती बहुधा देठाजवळ आणि सालीखाली जास्त असतात. म्हणजे देठाचा भाग कापून टाकल्याचाच काय तो खरा उपयोग. चोळून येणारा फेस हा काकडीचा रस. त्याने कितपत काही होतं, देव जाणे. वाचता वाचता आणखी एक घबाड हाती लागलं. काकडी मूळची आपली, हिमालयाच्या पायथ्याची; तिची कडूजहर रानटी बहीण अजून तिकडे उगवते. 'पिपिनो' हे नाव तेवढं स्पॅनिशांनी इथे आणलं. हे सगळं मी जेवताना सविस्तर सांगितलं. तितोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडची आहे, तर तुला कापता का येत नाही?"

कापणं कसंबसं जमल्यावर खरा विषय आला, तो आंबटाचा. इथल्या घरात काकडीचा रोजचा प्रकार म्हणजे 'एन्सालादांग पिपिनो'. काकडीच्या चकत्या, कांदा, व्हिनेगर, मीठ, साखर, मिरपूड. वाटल्यास आल्याचे बारीक काप आणि एखादी मिरची. संपलं. दही नाही, कूट नाही. "सुका घे," तिता म्हणाली. सुका म्हणजे व्हिनेगर, एवढं मला ठाऊक होतं. फळीपाशी गेलो तर तिथे बाटल्यांची रांग. आमच्याकडे व्हिनेगर म्हणजे चायनीजच्या गाडीवरची, आत हिरव्या मिरच्या तरंगणारी बाटली. इथे पांढरं होतं, गढूळ होतं, गर्द तपकिरी होतं, आणि एका बाटलीत तर अख्खं परसच बुडवलेलं दिसत होतं. मी सर्वांत स्वच्छ दिसणारी बाटली आणली. तिने ती परत ठेवायला लावली, ती 'अडोबो'साठीची, म्हणजे व्हिनेगरात शिजवायच्या मांसासाठीची.

मग ओळख परेड झाली. गढूळ होतं ते 'सुकांग पाओम्बोंग', बुलाकान प्रांतातल्या पाओम्बोंग गावाच्या नावाचं. खाजणात वाढणाऱ्या निपा नावाच्या ताडवर्गी झाडाच्या रसाचं. तपकिरी ते 'सुकांग इलोको', उसाच्या रसाचं, तितोच्या माहेरचं म्हणायला हवं. उसाच्या रसापासून तिकडे 'बासी' नावाची दारू करतात, आणि त्याच कुळातलं हे व्हिनेगर. स्पॅनिश सरकारने घरगुती बासीवर आणलेल्या बंदीविरुद्ध इलोकोसच्या लोकांनी 1807 साली बंड केलं होतं, हे तितो बाटली हातात धरून सांगतो आणि बाटली सोडत नाही. मग आली 'सुकांग तुबा'. झाकण उघडून नाकाशी धरलं आणि मी ओरडलोच, "माडी!" माडाच्या पोयीला चीर देऊन रस काढायचा, तो सकाळी गोड, दुपारपर्यंत चढणारा आणि तसाच राहू दिला तर काही दिवसांनी आंबट. कोकणात आम्ही मधल्या पायरीवर थांबतो. गोव्यात शेवटपर्यंत जातात, म्हणून तिथल्या विंदालूला माडाच्या रसाचं व्हिनेगर. परसासारखी दिसणारी बाटली होती 'सिनामाक', म्हणजे तिताच्या इलोइलोचा अभिमान. त्याच माडाच्या व्हिनेगरात लसूण, मिरी, 'सिलिंग लाबुयो' नावाच्या इवल्या मिरच्या आणि 'लांगकावास', म्हणजे आपल्याकडे काढ्यात घालतात त्या कुलिंजनाच्या जातीचं मूळ. बाटली जितकी जुनी तितकी झणझणीत. माडी भेटल्याच्या आनंदात मी वाडग्यात बाटली उपडीच केली. पहिल्या घासाला तितोला ठसका लागला आणि नातवाने पाणी आणून दिलं.

त्यावर तिताने मला प्रमाण दिलं. दोन मध्यम काकड्यांना पाव कप सुका, चमचा-दीड चमचा साखर, अर्धा लहान चमचा मीठ, एक छोटा लाल कांदा. साखर मीठ आधी व्हिनेगरात विरघळवून चाखायचं. जिभेला आधी आंबट लागलं पाहिजे आणि गोड मागून आलं पाहिजे. हे पाठ केलं. शिवाय ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला स्वयंपाकातलं एक मोठं गुपित सांगून ठेवलं होतं. व्हिनेगर घातल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर कच्चट वास राहतो. पुढच्या रविवारी मी काकडीवर व्हिनेगर ओतलं आणि हात बांधून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तिताने विचारलं, कशाची वाट बघतोस? मी म्हटलं, उकळीची. तो नियम चुलीवरच्या अडोबोचा होता. माझा वाडगा ओट्यावर होता, आणि खाली विस्तव नव्हता.

मग मी हुशारी म्हणून आदल्या रात्रीच सगळं कालवून फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी चकत्या मलूल, हिरवी साल शेवाळी झालेली, वाडग्यात पाणीच पाणी. मिठाने काकडीतलं पाणी बाहेर ओढलं आणि त्या पाण्याने व्हिनेगर फिकं केलं, एवढं साधं गणित. तिताची पद्धत अशी: काकडी जून असेल तर उभी चिरून चमच्याने बिया खरवडायच्या. चकत्यांना चिमूट मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायच्या, तळव्यांत हलकेच दाबून पाणी टाकून द्यायचं आणि भात ताटात पडायच्या वेळी आंबट घालायचं. टिकवायचीच असेल तर 'आत्सारा' करायचा. व्हिनेगर, साखर, मीठ उकळून गार करायचं आणि गाजर, आलं, लाल ढोबळी मिरची यांच्याबरोबर बरणीत भरायचं. एरवी त्यात कच्ची पपई असते, पण काकडीही चालते. हे लोणचं. मी बरणीत चमचा घालून तेल शोधत होतो, ते तिने पाहिलं.

तेलाची ही तहान मला स्वस्थ बसू देईना. घरून आणलेला हिंग पडून होता. मी काकडी बारीक चोचवली, कूट घातलं, मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी करून वर ओतली. तितो घाईघाईने आत आला आणि गॅस गळतोय का म्हणून शेगडी तपासू लागला. जेवताना प्रत्येकाने एकेक चमचा घेतला, "मसाराप", चविष्ट आहे, असं म्हटलं, आणि वाडगा होता तसाच राहिला. शेवटी नातवाच्या आईने मला समजावलं. इथे एक गोष्ट असते, 'उमाय'. तेलकट, चरबीचं खात गेलं की एका घासाला तोंड ओशट होतं आणि पुढचा घास नको होतो, ते. काकडी त्या उमायवर. लिएम्पोचा तुकडा, मग आंबटगोड गार काकडी, की तोंड पुन्हा मोकळं. तळलेला मासा, कोंबडी, सकाळच्या 'तापसिलोग'मधलं खारवलेलं परतलेलं मांस, लसणीवर परतलेला भात, अंडं, या सगळ्यांशेजारी ती दिसते ती याच कामासाठी. तेल ताटात आधीच आहे. काकडीने ते आणखी आणायचं नसतं. माझी खमंग काकडी त्या ताटात लिएम्पोच्याच पक्षात जाऊन बसली होती.

तरी मला एक गोष्ट लागून राहिली होती. मी आता प्रमाण सांभाळून पिपिनो करत होतो आणि टेबलावर ठेवून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तितो मात्र चव घ्यायच्या आधीच स्वतःची बशी जुळवायचा. ती जुळवणी मी जवळून पाहिली आहे. आधी एक लाबुयो, चमच्याच्या पाठीने बशीच्या कडेला चिरडायची, बिया बाहेर येईपर्यंत. त्यावर 'कालामान्सी', बोराएवढं हिरवं लिंबू, आडवं चिरलेलं. पिळताना बिया पडू नयेत म्हणून बोटं जुळवून धरलेली, तरी एक पडतेच. मग 'पातिस', मासे मिठात मुरवून गाळलेलं पिवळसर पाणी, थेंब थेंब. ढवळायचं नाही, बशी फक्त एकदा कलती करायची. मग माझी काकडी त्यात बुडवायची. आमच्या घरी कोणी न चाखता मिठाला हात लावला तर आई ताटावरून उठेल. मी दुखावल्या सुरात विचारलं, "मीठ कमी झालंय का पो?" तितोला प्रश्नच कळला नाही. इथे शेवटची चव जेवणाऱ्याने लावायची असते. तिला 'सावसावान' म्हणतात, बुडवून खायचं ते. 1994 सालच्या 'तिकिम' या पुस्तकाच्या फिलिपिनो लेखिका डोरीन फर्नांडेझ यांनी याबद्दल लिहिलं आहे की त्यामुळे खाणारा हा रांधणाऱ्याचा भागीदार होतो. तिता आपलं शिजवून मोकळी होते, पुढे ज्याचं त्याने बघावं. कोणी पातिस घेतो, कोणी सोया सॉस आणि कालामान्सी, कोणी परतलेलं 'बागोओंग', म्हणजे खारवलेल्या जवळ्याचा लगदा, काकडी-टोमॅटोवर चमचाभर. त्या वासाने मला घरची सुकट आठवली आणि पहिल्यांदाच मी न विचारता वाढून घेतलं. खारटपणाचा अंदाज चुकला. भाताचे ढीग संपवत मी तो निस्तरला.

'किनिलाव'ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीत माझी शोभा झाली. तिताने बाजारातून 'तानिगे' आणला. बघतो तर सुरमई. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तिने सुरमईचे चौकोनी तुकडे केले, व्हिनेगर ओतलं, आलं, कांदा, मिरची आणि काकडी घातली, वरून नारळाचं पहिलं दाट दूध, 'काकांग गाता', सोडलं आणि "जेवायला चला" म्हणाली. शेगडी पेटलीच नव्हती. आंबटाने माशाचा रंग पांढुरका होतो, मांस घट्ट होतं, पण विस्तवाशी संबंध नाही. याच डोरीनबाई आणि एदिल्बेर्तो आलेग्रे यांचं नुसत्या किनिलाववर एक अख्खं पुस्तक आहे, 1991 सालचं. ते नाव मी नंतर ऐकलं. त्या दिवशी मला फक्त रस्सा ओळखीचा वाटला. आंबट आणि नारळाचं दूध, सोलकढीचीच कल्पना, फक्त आमसुलाच्या जागी माडाचं व्हिनेगर. मी रस्सा प्यायलो, काकडीचा तुकडा न् तुकडा वेचून खाल्ला. ताटात माशांचे तुकडे नीट रांगेत उरले आणि तिताने ते मोजल्यासारखं पाहिलं.

बाजारात एकटा गेलो त्याचंही ऐका. भाजीवाल्या बाईने "पोगी!" अशी हाक मारली, म्हणजे देखणा. देखण्या माणसाने भाव करायचा नसतो. तिने पिवळट पडलेल्या, हाताच्या मनगटाहून जाड काकड्या पिशवीत घातल्या. मी खुशीत आणून ठेवल्या. तिताने एक चिरली तर आत नुसत्या टणक बिया. ती कोशिंबिरीच्या कामाची नव्हती. पण तिने टाकली नाही. बिया काढल्या, लसूण, कांदा, टोमॅटो आणि कोळंबीवर परतून तिची भाजी केली, दुधी करावा तशी. राहिलेल्या काकड्यांकडे बघून मला तवसं, म्हणजे कोकणातली मोठी जून काकडी, आणि तिचा गोड केक, तवसोळी, आठवली आणि मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तवसोळी कशी करायची? "तू करणार?" आईने विचारलं आणि मग, "ती बाई आहे का तिथे, तिला दे." पुढचा अर्धा तास आई मालवणी मराठीत आणि तिता इंग्रजी-तागालोगमध्ये बोलत होत्या. किसलेलं तवसं, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं. पूर्वी भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवायचे, असं आईने हाताने दाखवलं, तशी तिता टाळी वाजवून म्हणाली, "बिबिंका!" त्यांचा नाताळातला तांदळाचा केकही असाच खालून-वरून विस्तव देऊन भाजतात. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. मी फोन धरून उभा होतो, आणि हात हलला की दोघीही ओरडत होत्या.

आता मी रस्त्यावरही काकडीवर लक्ष ठेवून असतो. संध्याकाळी ऑफिसबाहेर फिशबॉलची गाडी लागते. तिथेच 'क्वेक-क्वेक', नारिंगी पिठात बुडवून तळलेली लावीची अंडी. गाडीवर दोन-तीन बरण्या असतात, एक गोड तपकिरी रसाची, आणि एकीत व्हिनेगर, त्यात कांदा आणि काकडीचे बारीक तुकडे मुरलेले. तळलेल्या अंड्याबरोबर ते पेल्यात ओतून देतात. त्या तुकड्यांत दिवसभराचं सगळं आलेलं असतं, मिरची, मिरी, कांद्याचा रस, आणि तरी ते कुरकुरीत. माझी अंडी संपली होती. मी पेला पुढे केला आणि आणखी थोडी पिपिनो घाला म्हटलं. गाडीवाल्याने पळीभर घातली. मी ती खाल्ली आणि पुन्हा पेला पुढे केला. पळी तशीच बरणीत धरून तो म्हणाला, "सर, मी फिशबॉल विकतो." मागे रांग होती. मी फिशबॉल घेतले.